पेटीत जुने कागद सापडलेत? मोडी, गोंयकानडी, पोर्तुगीज – वाचायला सुरुवात कुठून करायची

गोव्यात जुन्या घराची वाटणी निघाली किंवा छप्पर उतरवायला घेतलं की माळ्यावरून एखादी पत्र्याची पेटी खाली येतेच, आणि तिच्यात कागदांची चळत असते जी घरातल्या कोणालाच वाचता येत नाही. मग एक काका म्हणतात ही सनद, दुसरे म्हणतात देवस्थानचा हिशोब, आणि कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवतं "कोणी वाचून देईल का" म्हणून. आमच्या घरचे कागद फोंड्याकडचे, थोडे मोडी, थोडे पोर्तुगीज, आणि ते वाचून घेता घेता जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे तुम्हाला दहा ठिकाणी विचारत फिरायला नको.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जुनं हस्ताक्षर वाचणाऱ्या माणसाला आपण सरसकट "मोडी वाचणारा" म्हणतो पण हे काम फक्त अक्षरं ओळखण्याचं नाही. पुरालिपीचा अभ्यास केलेला माणूस अक्षराचं वळण बघतो, बोरूने (वेताच्या लेखणीने) लिहिलंय की टाकाने (धातूच्या निबाने) ते बघतो, संक्षेप कसे केलेत, कागद कुठला, शाई कुठली, मायना कुठल्या काळातला, हे सगळं एकत्र धरून सांगतो की हा कागद साधारण कधीचा आणि खरा वाटतो की नाही. ताम्रपट आणि शिलालेख वाचणारे परत वेगळे, कदंबांच्या ताम्रपटाचा माणूस तुमच्या आजोबांचं कर्जरोख वाचेलच असं नाही. योग्य माणसाकडे योग्य कागद नेणं हे अर्धं काम.

१. पहिल्या दिवशी काय करायचं नाही

उन्हात वाळत घालू नका. चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही आणि कागद आत कुजतो. घडी उघडत नसेल तर ओढू नका, विशेषतः पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत एवढा ओलावा असतो की कागद मऊ पडलेला असतो आणि घडीवर फाटतो. दिवाळीनंतर कोरडी हवा आली की उघडा, पेटीत शंभर वर्षं होते तर अजून तीन महिने थांबतील.

शाईचा एक मुद्दा लक्षात ठेवा. मोडी कागद बहुतेक काजळीच्या शाईने लिहिलेले असतात, ती शाई कागदाला खात नाही पण पाणी लागलं की पसरते, म्हणून ओल्या फडक्याने धूळ पुसायचा विचारसुद्धा करू नका. पोर्तुगीज दस्तांतली शाई बऱ्याचदा लोहयुक्त असते, ती काळाने तपकिरी होते आणि कागदच खाऊन टाकते, अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं पडतात. असे कागद दोन्ही हातांनी, खाली पुठ्ठा धरूनच उचलायचे. हात धुऊन कोरडे केलेले असले की पुरे, हातमोजे घातल्यावर कडेचा अंदाज येत नाही आणि उलट फाटतं.

कसर किंवा वाळवी दिसली तर तो गठ्ठा वेगळा ठेवा. बुरशी असेल तर सावलीत, हवेशीर जागी, तोंडाला मास्क लावून.

२. जवळ काय ठेवायचं

खर्च फार नाही:

– भिंग, आणि एक टेबललॅम्प जो बाजूला वाकवता येतो
– मऊ ब्रश, रंगकामाचा नवा कोरा चालतो
– शिसपेन्सिल (कागदांच्या आसपास पेन नको म्हणजे नको)
– साधी पट्टी, फोटोत मापासाठी
– टीपकागद, आम्लरहित कागद मिळाला तर उत्तमच
– आखीव वही, उतारा लिहायला
– मोल्सवर्थचा मराठी कोश, नेटवर फुकट बघता येतो, जुने शब्द त्यात सापडतात जे आजच्या कोशात नाहीत
– पोर्तुगीज कागदांत घुसलेल्या आपल्याकडच्या शब्दांसाठी दालगादोंचा कोश (मोन्सेन्योर दालगादो आपल्या आसगावचेच)
– जंत्री, म्हणजे जुन्या तारखा आजच्या तारखेत बदलायचं पुस्तक

आणि घरची माहिती. पूर्वजांची नावं, कुळनाव, गाव, वाडा, भाटांची (बागायतींची) नावं, कुलदेवता, हे सगळं एका पानावर लिहून ठेवा, वाचणाऱ्याला याचा जो उपयोग होतो तो कशाचाच होत नाही. अडलेला शब्द दहातल्या सात वेळा एखाद्या बागायतीचं नाहीतर माणसाचं नाव असतो आणि ते नाव फक्त तुमच्या आजीला माहीत असतं.

३. लिपी कुठली ते ओळखा

इथे महाराष्ट्रातल्या मित्रांपेक्षा आपलं काम जास्त किचकट. त्यांच्याकडे जुना कागद म्हणजे बहुतेक मोडी, आपल्याकडे एकाच पेटीत तीन लिप्या निघतात.

*मोडी:* पानभर आडवी रेघ आधीच ओढलेली आणि तिला लटकवत गोल गोल अक्षरं, शब्दांत मोकळी जागा नाही, पूर्णविराम नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण, म्हणजे नव्या काबिजादीतलं घर असेल तर मोडीची शक्यता जास्त, कारण हा भाग पोर्तुगीजांकडे १८व्या शतकात आला, त्याआधी सावंतवाडी, सोंदे, मराठे असा कारभार होता.

*गोंयकानडी:* कन्नडसारखी गोलसर अक्षरं, पण कन्नड येणाऱ्याला नेली तर तोही डोकं खाजवतो. काहीजण हिला कांदेवी म्हणतात. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादीतल्या गावकरीचे (गावच्या सामाईक जमिनीचा कारभार बघणाऱ्या संस्थेचे) जुने हिशोब या लिपीत आहेत. लिपी कन्नडच्या घराण्यातली पण भाषा कोकणी-मराठीच्या मिश्रणाची, त्यामुळे लिपी बघून भाषा ठरवू नका. ही वाचणारे फार थोडे. गजानन घांटकरांनी पुराभिलेखातले (जुन्या सरकारी दफ्तरातले) गोंयकानडी कागद वाचून लोकांपुढे आणले, ते झालं नसतं तर आज आपल्याला सुरुवात करायलाही काही नसतं.

*पोर्तुगीज:* रोमन अक्षरं म्हणून लोकांना वाटतं सोपं असेल. १९व्या शतकातलं नोतारचं (दस्त करणाऱ्या नोटरीचं) अक्षर थोडं जमतं, पण त्याच्या मागे गेलात की एका फटकाऱ्यात चार अक्षरं आणि अर्धी नावं संक्षेपात. मानुएल म्हणजे पहिलं अक्षर आणि वर चढवलेली शेवटची दोन, झालं नाव.

याशिवाय बाळबोध, म्हणजे देवनागरी, असू शकते, आणि मोडी पत्रावर फारसी शिक्का असू शकतो. शिक्का दिसला की लगेच सनद समजू नका.

मोडीतही काळाप्रमाणे वळण बदलतं. शिवकाळातलं अक्षर, पेशवाईतलं घोटीव अक्षर आणि नंतरचं टाकाने लिहिलेलं घाईचं अक्षर, तिन्ही वेगळी. तुमच्याकडे बहुधा शेवटची दोन असतील. पण नुसत्या वळणावरून "हा १७४२ चा कागद" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर सावध व्हा. अक्षरावरून काळाचा पट्टा सांगता येतो, नेमकं वर्ष कागदात लिहिलेलं असेल तरच.

४. फोटो नीट काढा

फ्लॅश नको. खिडकीजवळ, सरळ वरून, पूर्ण पान चारही कडांसकट, शेजारी पट्टी. मग त्याच पानाचे वरचा भाग, मधला, खालचा असे जवळून, आणि मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही. मागे बऱ्याचदा पत्र पोचल्याची तारीख नाहीतर कोणाकडून आलं ते असतं. शाई उडालेली असेल तर लॅम्प अगदी आडवा धरून एक फोटो काढा, बोरूने कागद दाबला गेलेला असेल तर त्याची खूण उठून दिसते. पोर्तुगीज कागद उजेडासमोर धरून बघा, आत जलचिन्ह दिसलं तर त्याचाही फोटो.

प्रत्येक पानाला नंबर द्या आणि पेटीत जो क्रम होता तोच ठेवा. सुतळीने बांधलेलं पुडकं असेल तर ते पुडकं म्हणूनच ठेवा, कारण कागद एकमेकांची ओळख सांगतात, सुटा केला की तो अनाथ.

आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो, काना आणि वेलांटी यातला फरकच राहत नाही, मग वाचणारा अंदाजाने सांगतो आणि तुम्ही ते प्रमाण मानता.

५. जाणकार शोधताना

पणजीचं पुराभिलेख खातं ही पहिली जागा. तिथल्या दफ्तराची सुरुवात १५९५ ची, दियोगु दो कूतो हा पहिला दफ्तरदार, आणि २०व्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते दफ्तर लावून, वाचून जगासमोर आणलं. पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र, पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, गोवा विद्यापीठातले इतिहास आणि पोर्तुगीजचे लोक, इथे विचारलं की नावं मिळतात. मोडीसाठी पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना भलती मागणी आलीय, त्यात चांगले आहेत तसे महिन्याभराचा वर्ग करून बोर्ड लावलेलेही आहेत.

सगळा गठ्ठा एकदम देऊ नका. एक पान द्या, फोटोवरून, मूळ कागद घरीच. आणि मागायचं काय ते नीट मागा: ओळीला ओळ असा देवनागरी उतारा हवा, ओळींचे नंबर हवेत, जे वाचता आलं नाही तिथे टिंबं हवीत, आणि शंका असलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. सारांश नंतर वेगळा. पैसे पानावर की ओळीवर, उताऱ्याचे की अर्थासकट, हे आधी बोलून घ्या, आपल्याकडे लोक लाजतात आणि मग कुरकुरतात.

कोणापासून लांब राहायचं? जो पान बघितल्या बघितल्या म्हणतो "अरे ही तर तुमच्या जमिनीची सनद". ज्याच्या उताऱ्यात दोनशे वर्षांच्या फाटक्या कागदात एकही टिंब नाही, सगळं कसं सुरळीत. जो मूळ कागद महिनाभर ठेवून घ्यायचं म्हणतो. आणि अक्षर दाखवा म्हटल्यावर चिडतो तो. चांगला वाचणारा बोट ठेवून दाखवतो की हा र, इथे तो असा वळलाय, वरच्या ओळीतल्या र शी ताडून बघा. आमचे कागद ज्यांनी वाचले त्या गृहस्थांनी एका शब्दासाठी चार पानं उलटून तसंच जोडाक्षर दुसरीकडे शोधून दाखवलं आणि तरीही पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं, मला तिथेच विश्वास बसला.

कागद कोर्टात लावायचा असेल तर आधी वकिलाला विचारा उतारा कोणाचा चालेल, मग पैसे खर्च करा. पुराभिलेखातल्या कागदाची खात्याकडून प्रमाणित प्रत मिळते, घरच्या पेटीतल्या कागदाचं तसं नसतं.

६. आधी जसंच्या तसं उतरवा, अर्थ मागाहून

या सगळ्यात ही एकच पायरी नीट जमली तरी बाकीचं निभतं, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. कागद हातात आला की आपल्याला अर्थ पाहिजे असतो, भाट कोणाचं ते पाहिजे असतं, आणि मग डोळे तेच वाचतात. घरात जे वर्षानुवर्षं ऐकलं तेच कागदात दिसायला लागतं.

मोडीत शब्द तुटत नाहीत. समजा ओळीत आहे "घरातनघेतले". हे "घरात न घेतले" की "घरातन घेतले"? एकात माणूस बाहेर राहिला, दुसऱ्यात वस्तू घरातून गेली. म्हणून उताऱ्यात आधी सलग लिहायचं, जसं आहे तसं, आणि दुसऱ्या ओळीत आपल्या अंदाजाने तोडून. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही बहुतेक ठिकाणी पाळलेला नसतो, त्यामुळे दिन आणि दीन, सुत आणि सूत एकसारखेच दिसणार, ते वाक्यावरून ठरतं. शुद्धलेखन सुधारायचा मोह आवरा. कागदात "जाणोन" आहे तर "जाणून" करू नका, उलट अशाच रूपांवरून जाणकाराला काळ कळतो.

सोपा मार्ग म्हणजे ठरलेल्या वाक्यांपासून शिरायचं. पत्राला साचा असतो. वर श्री, मग "राजश्री अमुक गोसावी यांसी", दंडवत किंवा नमस्कार, "विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जावे विशेष", आणि त्या "विशेष" नंतर खरा मजकूर. शेवटी "बहुत काय लिहिणे". सरकारी असेल तर "जाणिजे", "मोर्तब सूद", आणि अगदी शेवटी लहान मर्यादेचा शिक्का, म्हणजे त्याच्याखाली कोणी ओळ घुसडू नये. (शिक्क्याच्या खाली महत्त्वाची ओळ असेल तर भुवया उंचवा.) हा साचा पाठ असला की त्या ओळींतून त्या लेखकाची पंधरा-वीस अक्षरं तुम्हाला फुकटात मिळतात, ती कापून एका पानावर चिकटवा – मूळ कागदातून नाही हो, फोटोच्या प्रिंटमधून – आणि तो तक्ता समोर ठेवून अवघड मजकूर वाचा. छापील मोडी मुळाक्षरांपेक्षा हा त्याच माणसाच्या हातचा तक्ता जास्त कामाचा. एकट्या र ची चार रूपं भेटतात, आणि देवनागरीसारखं दिसणारं अक्षर मोडीत भलतंच निघू शकतं.

संक्षेपांची यादी वेगळी करा. मौ॥ म्हणजे मौजे, मु॥ म्हणजे मुक्काम, असे अक्षर आणि पुढे दोन उभ्या रेघा. त्याच रेघा पुढच्या पायरीत घोळ घालतात.

७. आकडे आणि पैसे

देवस्थानच्या हिशोबाच्या पानावर तेलाच्या पुढे लिहिलंय ४॥ आणि नवीन माणूस वाचतो ४११. ते साडेचार आहे. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण, म्हणून ४। म्हणजे सव्वाचार आणि ४॥। म्हणजे पावणेपाच. तेलाला चारशे अकरा रुपये दिले असं वाचून लोक "आमचं देवस्थान केवढं श्रीमंत" म्हणून लेख लिहून मोकळे होतात. बेरीज करून बघा, पानाच्या खाली एकूण दिलेली असते, ती जुळली तर तुमचं वाचन बरोबर. हिशोबाचा कागद स्वतःच स्वतःचा पेपर तपासतो, म्हणून शिकायला पत्रापेक्षा हिशोब चांगला असं माझं मत आहे.

पोर्तुगीज हिशोबात शेराफिम, तांगा आणि रेइश येतात. ५ तांगा म्हणजे १ शेराफिम, म्हणजेच ३०० रेइश. आपल्या दशमानाच्या सवयीने बेरीज केली तर कधीच जुळणार नाही.

८. तारखा

मराठी कागदात वर्ष बऱ्याचदा अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, याला शुहूर सन म्हणतात. बघून घाबरायला होतं पण ही निव्वळ बेरीज आहे. "सन खमस सितैन मया व अलफ" – खमस ५, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, झाले ११६५. यात ५९९ मिळवा, १७६४. पण हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे आपल्या पावसाच्या तोंडावर सुरू होतं, म्हणून कागद जानेवारीपासून पुढचा असेल तर ६०० मिळवायचे. महिना मुसलमानी असतो आणि आधी "छ" म्हणजे चंद्र. "छ १० रबिलाखर" असेल तर १७६४ च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा, आणि त्याच सनात "छ २० रजब" असेल तर जानेवारी १७६५. सन एकच, इसवी साल दोन. एखाद-दुसरा दिवस मागे-पुढे होतो, जंत्रीत बघून पक्कं करा.

शके दिलेला असेल तर ७८ मिळवा, चैत्राच्या आधीचे इंग्रजी महिने असतील तर ७९. संवत्सराचं नाव असेल तर तेही तपासा: शके १६८६ ला संवत्सर तारण. कागदात शके १६८६ आणि पुढे दुसराच संवत्सर असेल तर एकतर वाचण्यात चूक, नाहीतर नकलकाराची, नाहीतर कागदच गडबडीचा. बनावट सनदा पूर्वीही होत्या हो, वतनाची भांडणं काय आजची नाहीत.

पोर्तुगीजमध्ये एक हमखास सापळा आहे. महिन्याच्या जागी ७ चा आकडा आणि पुढे "ब्रु" असं दिसलं की सगळे जुलै लिहितात. तो सप्टेंबर, पोर्तुगीजमध्ये सेतेंब्रु, सात म्हणजे सेते. तसंच ८ ब्रु ऑक्टोबर, ९ ब्रु नोव्हेंबर, आणि रोमन दहा लिहून ब्रु म्हणजे डिसेंबर. महिना असा चुकला की वाटणीपत्र आधी आणि माणूस मेला नंतर असा प्रकार होतो.

९. पुराभिलेखात जायचं असेल तर

न्यायचं काय: ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, अर्ज, त्यात विषय नेमका लिहिलेला, विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र, वही, पेन्सिल. वेळ आणि फोटोचे नियम बदलत राहतात म्हणून आदल्या दिवशी फोन करा. "आमच्या घराण्याचं काय आहे ते दाखवा" म्हणून गेलात तर काउंटरवरची बाई तरी काय करणार, गाव, अंदाजे वर्ष आणि कागदाचा प्रकार सांगा: कोमुनिदादीचं (गावकरीचं पोर्तुगीज नाव) पुस्तक, देवस्थानची नोंद, नोतारचा दस्त, इन्व्हेंतार (वारसांतल्या वाटणीचे कागद), काय ते. देवस्थानच्या महाजनांचे (देवस्थानच्या हक्कदार सभासदांचे) कायदे १८८६ चे आणि मग १९३३ चे, त्यामुळे महाजनांच्या याद्या शोधताना ही दोन वर्षं डोक्यात ठेवा. गावकरीच्या जुन्या रीतींसाठी सगळे १५२६ च्या फोरालपर्यंत (त्या रीती नोंदवणाऱ्या पोर्तुगीज सनदेपर्यंत) जातात, पण तुमचा प्रश्न एका भाटाचा असेल तर तिथपर्यंत जायची गरज नाही.

सूचीत नाव सापडत नाही म्हणून लोक परत येतात, तर नाव पोर्तुगीज कानाने शोधा. शेणवी म्हणजे सिनाय, प्रभू म्हणजे पोरोबो, कामत म्हणजे कामोती, भट म्हणजे बोटो, केणी म्हणजे केणीं. आणि पोर्तुगीजमध्ये श साठी एक्स लिहितात, त्यामुळे तुमचे शांताराम पणजोबा यादीच्या शेवटी एक्समध्ये बसलेले असतात आणि तुम्ही एसची पानं उलटत असता.

एक युक्ती जी फारसं कोणी सांगत नाही. पोर्तुगीज सरकारकडे दुभाषी होते, शेजारच्या राजांची मोडी पत्रं ते पोर्तुगीजमध्ये आणत आणि उत्तरं उलट. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची वेगळी मालिकाच दफ्तरात आहे. त्यामुळे राजकारणातल्या पत्राचा मोडी शब्द अडला तर पोर्तुगीज बाजूने त्याच प्रसंगाचा कागद शोधा, कधीकधी अर्थ तिकडे स्वच्छ लिहिलेला मिळतो. मोसमाबरोबर लिस्बनला जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांची जी पुस्तकं आहेत त्यातले ६२ खंड पूर्वीच लिस्बनला नेलेत, ते तोरि दु तोंबुमध्ये (तिथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात) आहेत, म्हणून इथे मालिकेत खंड दिसला नाही की हरवला म्हणून ओरडू नका.

१०. स्वतः शिकायचं असेल तर

मोडी शिका, खरंच जमते. रोज अर्धा तास, पण वाचण्याआधी लिहा. बाराखडी गिरवली की हात कुठून वळतो ते कळतं आणि मग घाईत लिहिलेलं अक्षर मोडलं कुठे ते दिसतं. सुरुवात सगळ्यात अलीकडच्या टाकाच्या मोडीने करा, मग पेशवाई, शिवकाळ सगळ्यात शेवटी. ज्यांचा उतारा छापलेला आहे अशा कागदांचे फोटो घ्या, उतारा झाकून वाचा, मग ताडा. वर्ग शोधत असाल तर पुराभिलेख खात्यात आणि ग्रंथालयात विचारून ठेवा, ऑनलाइन वर्गही पुष्कळ निघालेत. फक्त मुळाक्षरं शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्यापेक्षा खरे कागद समोर ठेवणारा शिक्षक बघा.

मशीनचं काय, हा प्रश्न येणारच. पोर्तुगीज हस्ताक्षरासाठी ट्रान्सक्रिबस (हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर) वापरून बघण्यासारखं आहे, स्वच्छ नोतारी अक्षरात बरं काम करतं. मोडीचं देवनागरी करायचं काम आयआयटी रुरकीसारख्या ठिकाणी चाललंय, आणि मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये जागा मिळाली त्यामुळे टाइपही करता येते. पण चॅटबॉटला फोटो देऊन "वाच" म्हटलंत तर तो अगदी ऐटीत छान मराठी पत्र लिहून देतो, ज्याचा समोरच्या कागदाशी काही संबंध नसतो. ओळींची संख्या मोजून बघा, तिथेच पकडला जातो. गोंयकानडीसाठी सध्या माणूसच.

११. वाचून झाल्यावर

प्रत्येक कागदाच्या उताऱ्यावर हे लिहा: कागदाचा नंबर, कोणी वाचला, कधी वाचला, फोटोवरून की मूळ कागदावरून, कुठले शब्द शंकेचे. उतारा, फोटो आणि मूळ कागद यांचा नंबर एकच ठेवा. मूळ कागद सपाट, पुठ्ठ्याच्या फायलीत, भिंतीपासून लांबच्या कपाटात, कडुलिंबाचा पाला घालायचाच असेल तर कपाटात, कागदांच्या मध्ये नको, डाग पडतात. फोटोंची एक प्रत वेगळ्या घरी ठेवा, शक्यतो ज्या भावकीशी तुमचं पटत नाही त्यांच्याकडेसुद्धा एक द्या, म्हणजे उद्या कोणी म्हणणार नाही की तुम्ही पान बदललं.

घरात सांभाळणं जमत नसेल तर पुराभिलेख खात्याशी बोला, पण देताना पानांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या आणि ती यादी उताऱ्यांच्या फायलीत पहिल्या पानावर लावा.